पाण्याजवळचा कॅमेरा

आमच्या युवक मंडळाने एक कॅमेरा विकत घेण्याचे ठरविले आणि तो कोणता घ्यावा हे पाहण्याचे काम मजवर सोपविले, तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. मुलांना वाटले, फादर पैशाचा विचार करीत आहेत. पैशाचा विचार नव्हताच असे नाही. सुगीनंतर घरोघर फिरून त्यांनी वर्गणी जमविली होती, आणि वर्गणीचा पैसा खर्च करताना धर्मगुरूचा हात थोडा आखडतोच. परंतु माझ्या गप्प बसण्याचे कारण निराळे होते. त्यांनी आणलेल्या कागदावर पहिलीच ओळ होती, "पाण्याजवळ वापरता येईल असा." त्या ओळीपाशी मी अडलो होतो.

मुलांची मागणी मात्र योग्य होती. आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. मलप्रभा ह्याच तालुक्यात कणकुंबी येथे उगम पावते आणि आमच्या शिवाराच्या कडेने पुढे जाते. जून लागला की सह्याद्रीवरून पाऊस उतरतो, आणि मग तीन-चार महिने गावाचे सारे जगणे पाण्यातच चालते. मंडळाची चिटणीस शाळेत शिकवणारी मुलगी आहे. तिने धर्मग्रामाच्या घरातील जुने अल्बम माझ्यापुढे मांडले आणि विचारले, "फादर, ह्यात पाऊस कुठे आहे?" मी पाने उलटून पाहिली. नाताळ होता, लग्ने होती, मे महिन्यात पहिला ख्रिस्तप्रसाद घेणारी पांढऱ्या पोषाखातील मुले होती. पण भातलावणीचा एकही फोटो नव्हता. डोक्यावर खोळ घेऊन गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया नव्हत्या, भरून वाहणारा नदीचा घाट नव्हता. कोणी परका ते अल्बम पाहील तर ह्या मुलखात बारा महिने ऊन पडते, अशी त्याची समजूत होईल. ओले होईल ह्या भीतीने आम्ही जूनमध्ये कॅमेरा कपाटात ठेवीत होतो आणि ऑक्टोबरात बाहेर काढीत होतो.

आणि गोष्ट केवळ हौसेची नव्हती. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात मोठा पूर आला. आमच्याकडे काही घरांच्या मातीच्या भिंती खचल्या. भरपाईच्या अर्जांना जोडण्यासाठी मी भर पावसात माझ्या मोबाईलवर फोटो काढीत निघालो. तिसऱ्या घरापाशी मोबाईल भिजून बंद पडला. उरलेल्यांचे फोटो निघाले ते चार दिवसांनी, पाऊस उघडल्यावर. तोपर्यंत त्या माणसांनी, राहायचेच असल्यामुळे, पडलेली माती उचलून भिंतीला ताडपत्री बांधली होती. फोटोत नुकसान दिसेल तरी कसे?

तेव्हा कॅमेरा हवा होता, आणि तो पाण्याजवळ चालणाराच हवा होता. मग फादर का अडखळले? ते सांगायचे तर मला २००९ सालाकडे जावे लागते. मला गुरुदीक्षा मिळून जेमतेम एक वर्ष झाले होते.

सेमिनरीतील माझा एक सहाध्यायी गोव्यात बार्देशातील एका खाडीकाठच्या गावचा. जूनअखेरीस त्याने मला आपल्या घरी बोलाविले. सांजांवला, म्हणजे २४ जूनला, गोव्यातील तरुण डोक्यावर फुलांचे कोपेल घालून विहिरींत उड्या टाकतात हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यानंतर पाचच दिवसांनी, २९ जूनला, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला कोळ्यांच्या गावांत सांगोड निघतो. दोन होड्या एकमेकींना जोडून बांधतात, त्यांवर फळ्या टाकून मंच करतात, माडाच्या झावळ्या व पताका लावतात, आणि घुमट वाजवीत, गात तो मंच खाडीतून हळूहळू पुढे नेतात. संत पेत्र स्वतः कोळी. त्याचा सण कोळ्यांनी पाण्यावर साजरा करावा हे ओघानेच आले.

माझ्या मित्राच्या वडिलांनी उभा जन्म त्या खाडीत जाळे टाकले होते. त्या वर्षी त्यांना धड चालवत नव्हते. तरीही त्यांना उचलून नेऊन सांगोडावर खुर्चीत बसवायचे असे घरच्यांनी ठरविले होते. मित्राचा थोरला भाऊ तारवटी, म्हणजे परदेशी जहाजावर नोकरीला. त्याने मागच्या खेपेस एक चांगला कॅमेरा घरी आणून ठेवला होता आणि समुद्रावरून निरोप धाडला होता की, बाबांचे फोटो नीट काढा. घरात कॅमेऱ्याची थोडीफार माहिती असलेला मीच. तेव्हा तो कॅमेरा माझ्या हाती आला.

मी फोटो काढले. पाऊस थांबला होता, म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर ढगाआडचा मऊ उजेड पडला होता, आणि ते गाण्याच्या ठेक्यावर आपली काठी फळीवर आपटीत होते. अधिक चांगली जागा मिळावी म्हणून मी मंचाच्या कडेला सरकलो. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकविण्याऐवजी मी तो बोटांत गुंडाळला होता. शेजारून जाणाऱ्या एका होडीचा धक्का लागला, फळी हलली, आणि कॅमेरा माझ्या हातून निसटून दोन होड्यांच्या मधल्या पाण्यात गेला.

"कॅमेरा! कॅमेरा!" असे मी ओरडलो.

कोणाला उडी मारायला मी सांगितले नव्हते. पण धर्मगुरूने एवढ्या आकांताने हाक मारली आहे असे पाहून शेजारच्या होडीतील चौदा वर्षांच्या एका मुलाने क्षणाचाही विचार न करता पाण्यात उडी घेतली. जूनमधले खाडीचे पाणी. मातीने गढूळ, हातभर खालचे दिसत नव्हते. पाणी फार खोल नव्हते, पण दोन्ही होड्या वाऱ्याने एकमेकींकडे सरकत होत्या. तो एकदा वर आला, श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेला. दुसऱ्यांदा त्याला वर यायला वेळ लागला. किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. गाणे थांबले होते आणि घुमटही थांबले होते, एवढे मला आठवते. मग तो वर आला तो नेमका होडीच्या तळाशी, आणि त्याचे कपाळ फळीच्या कडेवर आदळले. लोकांनी त्याला वर ओढले तेव्हा कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या मुठीत होता आणि तोंड रक्ताने भरले होते. पाच टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आईने मला बसायला पाट दिला, चहा दिला. मग तिने अगदी शांतपणे विचारले, "फादर, तुम्ही ओरडला नसता तर त्याने उडी घातली असती का?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. मजजवळ उत्तर नव्हते. चहा तसाच पेल्यात निवला.

कॅमेऱ्याचे पुढे काय झाले हेही सांगतो, कारण त्यातून दोन गोष्टी मी शिकलो. माझा मित्र डोक्याने शांत. त्याने ताबडतोब बॅटरी काढून टाकली, मेमरी कार्ड बाहेर काढले, ते गोड्या पाण्यात विसळले, मऊ कापडाने टिपले आणि दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यावर ठेवले. कार्डात फिरणारा किंवा हलणारा भाग नसतो. त्याला मुख्य भय असते ते धातूच्या टोकांवर बसणाऱ्या मिठाचे. ते धुतले गेले, आणि त्यातील सगळे फोटो जसेच्या तसे निघाले. कॅमेरा मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी, तांदूळ पाणी शोषतो ह्या समजुतीने, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. ही समजूत आजही घरोघर आहे. तांदूळ यंत्राच्या पोटात शिरलेले पाणी ओढून घेत नाही आणि मीठ तर मुळीच नाही. उलट त्याची भुकटी फटींत जाऊन बसते. मोबाईल भिजल्यास तो तांदळात ठेवू नका, असे ॲपल कंपनीनेही २०२४ साली आपल्या ग्राहकांना बजावले. आमच्या कॅमेऱ्याचे झाकण तिसऱ्या दिवशी उघडले तेव्हा आत पांढरी मिठाची बुरशी धरली होती. तो पुन्हा चालला नाही. त्याची किंमत मी हप्त्याहप्त्याने देऊ केली. थोरल्या भावाने ती घेतली नाही. म्हातारे त्याच वर्षी नाताळपूर्वी वारले. काठी आपटतानाचा त्यांचा तो फोटो त्या घराच्या सोप्यात लावलेला आहे. त्या घरी गेलो की मी त्या फोटोकडे पाठ करून बसतो.

पुढे वाचनात आले की, पाण्यात फोटो काढण्याच्या पहिल्या प्रयत्नातही असेच घडले होते. १८५६ साली इंग्लंडमध्ये वेमथ येथे विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने लाकडी पेटीत कॅमेरा ठेवून तो होडीतून समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले. तरीही काचेवर चित्र उमटले. त्यानंतर १८९३ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई बूतां ह्या प्राणिशास्त्रज्ञाने, आपल्या भावाने बनविलेल्या जलाभेद्य पेटीच्या साहाय्याने, समुद्रतळाचे फोटो काढले. पेटीवाचून स्वतःच पाणी सोसणारा कॅमेरा सामान्य ग्राहकाच्या हाती यायला १९६० साल उजाडले. समुद्रसंशोधक कूस्तो यांच्यासाठी बेल्जियन अभियंता झां द वूटर्स याने तो रचला, त्याला कूस्तोंच्या जहाजाचेच 'कॅलिप्सो' हे नाव दिले, आणि १९६३ पासून जपानच्या निकॉन कंपनीने तोच पुढे 'निकोनोस' ह्या नावाने काढला. म्हणजे माणसाने शंभर वर्षे खपून कॅमेऱ्यात पाणी शिरू नये एवढे साधले. कॅमेरा हातून पडू नये ह्यावर अद्याप उपाय निघालेला नाही. असो.

तर मुलांच्या कागदाकडे वळू. त्यावर तीन सूचना होत्या, आणि तिन्हींचे कैवारी माझ्यासमोर बसले होते.

एकाचे म्हणणे, नवीन कॅमेरा हवाच कशाला? हल्लीचे महागडे मोबाईल पाण्यात टिकतात. त्याने आपल्या मोबाईलच्या खोक्यावरील 'आयपी ६८' हे अक्षर मला दाखविले. हे अक्षर हल्ली सर्वत्र दिसते, म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेणे बरे. त्यातील पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याच्या बाजूस ४ म्हणजे चारी दिशांनी उडणारे शिंतोडे चालतील. ५ व ६ म्हणजे नळीतून जोराने मारलेले पाणी चालेल. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवल्यास अपाय होणार नाही. ८ म्हणजे त्याहून अधिक, पण किती अधिक ते ज्या त्या कारखानदाराने स्वतः सांगायचे. गंमत अशी की, वरचा आकडा मिळाला म्हणजे खालचे आपोआप मिळाले असे नाही: पाण्यात बुडवून पार उतरलेली वस्तू नळीच्या जोरदार धारेपुढे टिकेलच अशी हमी ७ वा ८ देत नाही. शिवाय ही परीक्षा कोऱ्या करकरीत वस्तूची, स्वच्छ गोड्या पाण्यात, स्थिर ठेवून घेतलेली असते. आपला मोबाईल दोन वर्षे वापरलेला, चारदा जमिनीवर पडलेला; आणि पाणी म्हणाल तर नदीचे, रेतीसकट. कारखानदार स्वतःच सांगतात की वापराने ही शक्ती कमी होते, आणि पाण्याने बिघडलेला मोबाईल बहुधा वॉरंटीत बसत नाही. ह्याहून मोठी अडचण मला अनुभवाने ठाऊक होती: ओल्या बोटांनी मोबाईलचा पडदा ऐकत नाही. पावसाचे थेंबच बटणे दाबू लागतात. आणि बिघडला तर त्यात त्या मुलाचे सारे नंबर, बँकेचा व्यवहार, सगळेच बुडणार.

दुसऱ्याला गोप्रोसारखा हातात मावणारा कॅमेरा हवा होता. हे कॅमेरे समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या खेळाडूंसाठी निघाले. पहिला २००४ साली बाजारात आला आणि तो चक्क फिल्मचा होता. आताचे त्यांचे अनेक कॅमेरे वेगळ्या डबीवाचून दहा मीटर पाण्यात चालतात. धावपळीचे चलच्चित्र घेण्यास त्यांच्यासारखे साधन नाही हे मी कबूल केले. पण त्यांचे भिंग फार रुंद पाहते. नदीच्या ह्या काठावरून त्या काठावरच्या आजीचा फोटो काढाल तर नदी सगळी येईल, आणि आजी मुंगीएवढी.

तिसरी सूचना चिटणीसबाईंची. तिने पाणी, धूळ व आपटणे सोसणारे लहान कॅमेरे पाहून ठेवले होते. अशा कॅमेऱ्यांचा धंदा मोबाईलमुळे मागे पडला आहे. एके काळी पाच-सहा कंपन्या ते काढीत, त्यांतील कित्येकांनी हात आखडता घेतला. तिच्या यादीत ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ होता. ही कंपनी म्हणजे पूर्वीचा ऑलिंपसचा कॅमेरा विभाग. हा नमुना २०२३ साली निघाला. पंधरा मीटर पाणी, सुमारे दोन मीटरवरून पडणे, चौपट झूम, कमी उजेडातही काम देणारे भिंग, आणि वजन पाव किलोच्या आत. बटणे खरी, दाबल्यावर समजणारी. ओल्या बोटांनाही ऐकणारी.

"पंधरा मीटर!" मुले हर्षाने म्हणाली. मी विचारले, "आपल्या घाटावर उन्हाळ्यात पाणी किती असते?" कोणी म्हणाले छातीभर, कोणी म्हणाले गळ्याभर. "आणि पावसाळ्यात त्यात तोंड घालून पाहिल्यास किती दूरचे दिसते?" सगळे हसले. आपल्या नद्यांचे पाणी पावसात चहासारखे असते. त्यात फ्लॅश मारला तर मातीचे कणच चमकून फोटो ठिपक्यांनी भरतो. नितळ समुद्रातसुद्धा खाली जावे तसतसा पहिल्याने तांबडा रंग मरतो. पाच-सहा मीटरवर लाल फूल काळपट दिसू लागते. तेव्हा खोलीचा आकडा आम्हांला फोटो काढण्यासाठी नको होता. तो हवा होता अपघातासाठी: पडला, काही वेळ पाण्यात राहिला, आणि बाहेर काढल्यावर चालू लागला, एवढ्यापुरता. त्यासाठी पाच मीटरसुद्धा पुष्कळ झाले असते.

माझा प्रश्न वेगळाच होता. मी विचारले, "हा पाण्यात पडला तर तरंगतो का?"

कोणालाच माहीत नव्हते. चिटणीसबाईंनी माहितीपत्रक पुन्हा वाचले. तरंगत नाही, बहुतेक कोणताच तरंगत नाही. पाणी आत शिरू न देण्याची सारी विद्या त्या कॅमेऱ्यात होती, परंतु सोडला की तो धोंड्यासारखा तळाशी जाणार, आणि मग कोणीतरी त्याच्यामागे जाणार. चौदा-पंधरा वर्षांची मुले माझ्यासमोर बसली होती. तेव्हा मी त्यांना बार्देशची गोष्ट सांगितली. पूर्वी मी ती कोणाला सांगितली नव्हती.

त्याच रात्री मी त्या मुलाला फोन केला. मुलगा कसला, आता तिशीचा गृहस्थ; तोही तारवटी झाला आहे आणि तेव्हा सुट्टीवर घरी होता. मी त्याला कॅमेऱ्याविषयी सल्ला विचारला. तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, "फादर, भिंगाचे मला विचारू नका. पण तरंगणारा पट्टा घ्या, आणि तो नारिंगी घ्या. आमच्या जहाजावर माणसाला वाचविणारी प्रत्येक वस्तू नारिंगी असते. काळा पट्टा तरंगला तरी दिसत नाही, आणि दिसला नाही म्हणजे पोरे शोधायला उतरतात." कपाळाच्या खुणेविषयी त्याने चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

अशा रीतीने आमचा निर्णय उलट्या क्रमाने झाला. आधी पट्टा ठरला, मग कॅमेरा. हा पट्टा म्हणजे फोम भरलेले कापडी कडे; एक टोक मनगटात, दुसरे कॅमेऱ्याला. बाजारात तो स्वस्तातही मिळतो, पण प्रत्येक पट्टा प्रत्येक कॅमेऱ्याचा भार पेलतोच असे नाही. म्हणून आम्ही वाण्याकडून पाव किलोचे लोखंडी माप मागून आणले, पट्ट्याला बांधले, त्याला वेगळी सुतळी लावली आणि धर्मग्रामाच्या विहिरीत सोडले. पहिला पट्टा मापासकट सरळ तळाला गेला. दुसरा थोडा डगमगला आणि वर राहिला. चिटणीसबाईंनी येथे योग्य शंका काढली: लोखंड पाण्यात आपले जेमतेम अष्टमांश वजन गमावते, तर कॅमेरा आकाराने मोठा असल्यामुळे त्याहून पुष्कळ अधिक गमावील, तेव्हा ही परीक्षा फार कडक झाली. मी म्हटले, कडकच असू द्या. शिक्षिकेला ह्यावर बोलता आले नाही.

कॅमेरा आल्यावर मी आणखी काही गोष्टी मुलांकडून पाठ करून घेतल्या. पाणी अडविते ते झाकणाच्या कडेचे रबर. त्यावर डोक्याचा एक केस किंवा रेतीचा एक कण राहिला तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून झाकण नदीकाठी उघडायचे नाही, घरीच कोरड्या हातांनी उघडायचे, रबर नखाने न खरवडता मऊ कापडाने पुसायचे आणि झाकण लावल्यावर कडी बसली का ते दोघांनी पाहायचे. दमट हवेत झाकण लावून कॅमेरा गार पाण्यात नेला तर आतली वाफ भिंगावर जमते. तेही कोरड्या खोलीत झाकण लावल्याने बरेचसे टळते. परत आल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, पुसून, सावलीत वाळवायचा. समुद्रावर गेल्यास ह्यात कुचराई मुळीच चालणार नाही. आणि पावसाळ्यात कॅमेरा कातडी पाकिटात गुंडाळून कपाटात ठेवायचा नाही. ओलाव्याने भिंगावर बुरशी धरते आणि ती काचेवर कायमची खूण ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर तो ठेवतो. एक गोष्ट फोटोंसाठी: पाण्याच्या लखलखाटाने कॅमेरा फसतो आणि माणसांचे चेहरे काळे येतात, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यावा, नाही तर भर दिवसा फ्लॅश लावावा.

आणि एक नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून त्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटविला: कॅमेरा पाण्यात पडल्यास कोणीही ओरडू नये, कोणीही पाण्यात उतरू नये. मुलांना उतरू नये हे समजले. ओरडू नये हे का, ते आता त्यांना सांगावे लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात लावणीचे फोटो निघाले. वाफ्यातील पाण्यात आभाळ उतरले आहे आणि त्यात बाया वाकल्या आहेत, असा एक फोटो शाळेच्या भिंतीवर लागला. म्हाताऱ्या बायांना तो विशेष आवडला नाही. चिखलातले काय काढायचे, म्हणाल्या. पण पाहायला दोनदा आल्या.

पाऊस ओसरल्यावर आम्ही मुलांना घेऊन नदीवर गेलो. एका दहा वर्षांच्या मुलाने, पट्टा मनगटात घालायला विसरून, कॅमेरा घाटाच्या पायरीवरून पाण्यात घालविला. मी वरच्या पायरीवर उभा होतो. माझे तोंड उघडले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आवाज मात्र बाहेर पडला नाही. मुले एका रांगेत उभी राहून पाण्याकडे पाहत होती. एकही हलले नाही. नारिंगी कडे बुडबुड करून वर आले, प्रवाहाला लागले आणि सावकाश वाहत पन्नासएक पावलांवर आडव्या पडलेल्या बांबूच्या बेटाला अडकले. थोरल्या मुलांनी काठाने जाऊन, आंबे उतरविण्याच्या आकडीने ते ओढून घेतले.

कॅमेरा चालू होता. तो पडण्यापूर्वी त्या मुलाने दाबलेले शेवटचे चित्र त्यात आले आहे. अर्धे आभाळ, अर्धी पायरी आणि एक पाय. चिटणीसबाई ते पुसून टाकायला निघाल्या होत्या, मी राहू द्या म्हटले. घरी आल्यावर बादली भरली, आणि ज्याच्या हातून कॅमेरा पडला होता त्यालाच तो धुवायला बसविले.